मनगटावरची बोटं

टेलरमामांना वाटायचं, सिस्टर आपला हात धरून बसते ती मायेने. वॉर्डातल्या सगळ्यांनाच तसं वाटायचं. फक्त शेजारच्या खाटेवरच्या गुरुजींनी ओळखलं होतं, की ती मोजते आहे.

गुरुजींचं आयुष्य पहिलीच्या वर्गात गेलं होतं. मनातल्या मनात मोजणारं मूल कितीही गुपचूप बसलं, तरी त्याचा खालचा ओठ हलतो, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. सिस्टरचा ओठ तसाच हलत होता. बोटं मनगटावर होती, नजर मात्र एकदा घड्याळावर आणि एकदा टेलरमामांच्या छातीवर जात होती.

पाय प्लास्टरमध्ये असल्यामुळे गुरुजींना वेळच वेळ होता. त्यांनी एकदा तिला विचारलंच. ती हसली आणि हळूच म्हणाली, "श्वास मोजते. सांगून मोजले की माणूस श्वास सांभाळून घ्यायला लागतो आणि आकडा चुकतो. म्हणून नाडी बघायचं निमित्त करायचं. पूर्ण एक मिनिट. वीसच्या आत असले की ठीक."

गुरुजींना हे फार आवडलं. वर्गात सांगायला हवं होतं, असं त्यांच्या मनात आलं.

टेलरमामा गमत्या माणूस. गुरुजींच्या प्लास्टरला अस्तर कमी पडलंय, असं ते रोज म्हणायचे. सिस्टरने मनगट धरलं की म्हणायचे, "माप घेताय का? बाही जरा सैल ठेवा."

त्या सकाळी मात्र ते काहीच बोलले नाहीत. सिस्टरने आठ वाजता मोजलं, नऊला मोजलं, मग खाट उंच करून नाकाला ऑक्सिजन लावला आणि फोन केला. छोटे डॉक्टर दारातून डोकावले, लांबूनच बघून म्हणाले, "सिस्टर, तुम्ही पेशंटला फार जीव लावता. झोपू द्या त्यांना." दुसऱ्या फोनला ते आलेच नाहीत. तिसरा फोन तिने मोठ्या डॉक्टरांना केला, तर ते मीटिंगमध्ये होते. एवढ्यात टेलरमामांची मुलगी आली. बापाच्या मनगटावर सिस्टरची बोटं पाहून तिला भरून आलं आणि तिने मोबाइलवर फोटो काढला. अकराच्या सुमारास टेलरमामा गेले.

पंधरा दिवसांनी ती मुलगी तोच फोटो मोठा करून, चौकटीत घालून घेऊन आली. हॉस्पिटलला तो वॉर्डात लावून सिस्टरचा सत्कार करायचा होता. खाली एक ओळ हवी होती, आणि गुरुजींचं अक्षर वॉर्डात प्रसिद्ध होतं. मुलीने त्यांच्या हातात पेन दिलं आणि मोठ्या डॉक्टरांना बोलवायला गेली.

सिस्टर तेव्हा पलीकडच्या खाटेची चादर बदलत होती. तिने चादरीचा कोपरा आत खोचला आणि मान वर न करता म्हणाली, "गुरुजी, मी हात धरला नव्हता. आठला चोवीस होते, नऊला अठ्ठावीस, दहाला चौतीस. तीन फोन केले. तेवढंच लिहा."

गुरुजींनी पेनाचं टोपण काढलं. आकडे लिहिले तर ते आधी कोण वाचणार? मुलगीच. आपला बाप वाचला असता, हे तिला एका चौकटीवरून कळणार. हात धरला होता एवढंच तर त्या पोरीकडे उरलं होतं. शिवाय पायाचं प्लास्टर काढायला अजून याच डॉक्टरांपुढे बसायचं होतं. हा दुसरा विचार त्यांनी मनातून झटकला, पण तो आला होता हे खरं.

त्यांनी लिहिलं, 'अखेरच्या क्षणापर्यंत मायेने हात धरणाऱ्या देवमाणसास.'

सिस्टरने वाचलं. "अक्षर छान आहे," म्हणाली, आणि उशीचा अभ्रा बदलायला लागली.

मोठ्या डॉक्टरांनी छोटंसं भाषण केलं. ही नोकरी नाही, हे व्रत आहे, असं ते म्हणाले. मग सिस्टरला दोन शब्द बोलायला सांगितलं. ती म्हणाली, फोन किती वाजता केला आणि डॉक्टरांनी पेशंट किती वाजता पाहिला, या दोन्ही वेळा केसपेपरवर लिहायचा नियम करावा. मोठे डॉक्टर कौतुकाने म्हणाले, "बघा, सत्काराच्या दिवशीसुद्धा हिच्या मनात पेशंटच. आईचं काळीज असतं ते." टाळ्या झाल्या. टेलरमामांच्या मुलीने तिला मिठी मारली. सिस्टर हात खाली सोडून उभी राहिली, मग तिने त्या मुलीच्या पाठीवर थोपटलं. चौकट फोनच्या वर, भिंतीवर लागली.

त्यानंतर तिसऱ्या दिवशी, दुपारचं जेवण झाल्यावर, गुरुजींच्या बरगडीत कळ आली. श्वास अर्ध्यातच तुटायला लागला. सिस्टर आली, तिने खाट उंच केली, ऑक्सिजन लावला आणि मनगटावर बोटं ठेवली.

गुरुजींनी तिच्या ओठाकडे पाहिलं. "किती?"

"बोलू नका. मिनिट पुरं होऊ द्या."

मिनिट पुरं झालं. "तीस," ती म्हणाली, आणि केसपेपरवर आकडा आणि वेळ लिहून फोनकडे गेली. चौकटीखाली उभी राहून बोलताना तिने तोच आकडा दोनदा सांगितला. मग पलीकडचं ऐकून घेतलं. मग दुसरा नंबर फिरवला आणि पुन्हा तसंच ऐकलं.

परत आली तेव्हा गुरुजींनी नुसत्या भुवया उंचावल्या.

"येतो म्हणाले," ती म्हणाली. थोड्या वेळाने पुढचंही सांगितलं, "मी फार जीव लावते म्हणाले."

गुरुजींनी भिंतीवरच्या चौकटीकडे बोट केलं. "ती खाली काढा. दुसरं लिहून देतो."

"आता श्वास जपून ठेवा, गुरुजी."

तिने पुन्हा मनगट धरलं. तिची बोटं गार होती आणि नजर घड्याळावर. गुरुजी दाराकडे बघत राहिले. वर्गात अडखळणाऱ्या मुलाबरोबर मोजायचे तसे ते तिच्याबरोबर मनात आपले श्वास मोजू लागले. एकतीसवर पोचले तेव्हा मिनिट अजून पुरं व्हायचं होतं, आणि दारात कोणी नव्हतं.