सव्वापाच किलोंचा डबा

मित्रांनो, मी एक जुना डबा आहे, आणि एके काळी सुरतच्या नवागाममधल्या एका अख्ख्या गल्लीचे प्राण माझ्या पोटात होते. हे वाक्य जरा मोठं झालं. माझ्या पोटात सव्वापाच किलो काळी दारू होती, म्हणजे उखळीत ठासून बार काढतात ती. प्राण गल्लीतल्या माणसांचे त्यांच्याकडेच होते. ते माझ्या भरवशावर चालले आहेत, एवढंच त्यांना कुणी कळवलं नव्हतं.

माझा जन्म सचिनच्या औद्योगिक वसाहतीत, एका पत्र्याच्या कारखान्यात झाला. पंधरा किलो शेंगतेल घेऊन मी बाजारात आलो. तेल संपल्यावर उषाबाईंनी माझं तोंड कापून घेतलं, कडा ठोकून घेतल्या आणि एका पत्रेवाल्याकडून घट्ट झाकण बसवून घेतलं. पुढची पाच वर्षं मी ज्वारीचं पीठ सांभाळलं. एक मुंगी आत गेली नाही. "झाकण बसलं की हवासुद्धा विचारून जाते," असं उषाबाई शेजारच्या मंगलाबाईंना सांगत. ही स्तुती लक्षात ठेवा. पुढे तीच माझी खोट ठरली.

घर एका खोलीचं. राघोभाऊ लूमवर कामाला, उषाबाई अडाजणला एका घरी पोळ्या करायला, मुलगा योगेंद्र साड्यांच्या गोदामात आणि सून जयश्री. ही माणसं अमळनेरकडची. खानदेशातली माणसं श्रावणात कानबाई बसवतात. भाऊबंद जमतात, रोटांचा नैवेद्य होतो आणि दुसऱ्या दिवशी वाजतगाजत विसर्जन. राघोभाऊंच्या गावी त्या विसर्जनाला उखळीचे बार निघत. शहाण्णव साली इथल्या मंडळाने ठरवलं की सुरतेतही बार निघाले पाहिजेत, नाहीतर देवीला वाटेल आपण परक्या मुलखात आलो. लोखंडी उखळी मंडळाच्या कुंदनभाऊंकडे आहे, असं सगळे धरून चालले. दारूचा मान राघोभाऊंना मिळाला.

राघोभाऊंनी चहाच्या टपरीवर कायद्याची चौकशी केली. तिथे असं निघालं की घरात पाच किलोपर्यंत चालते. त्यांनी पाच किलो ठरवली. मग त्यांच्या लक्षात आलं की देवीला नुसतं पाच कसं द्यायचं. कानबाईचं सगळं सव्वात. रोटाचे गहू सव्वात, दाळ सव्वात. तेव्हा दारूही सव्वापाच. कायद्यासाठी पाच आणि देवीसाठी पाव, असा त्यांनी निकाल दिला.

माझं झाकण घट्ट म्हणून मला निवडलं. योगेंद्र मला गावी घेऊन गेला आणि भरून भुसावळ पॅसेंजरने परत घेऊन आला. गाडीत असं काही न्यायचं नसतं, हे तिथल्या पाटीवर तीन भाषांत लिहिलेलं होतं. योगेंद्र त्या पाटीखालीच बसला. नंदुरबारला एक म्हातारा माझ्यावर बसला आणि त्याने बिडी पेटवली. काडी विझवायला त्याने ती माझ्या कडेवर घासली.

"काय आहे यात?" त्याने विचारलं.

"पीठ," योगेंद्र म्हणाला.

घरी आल्यावर मला देवीच्या फळीखाली ठेवलं. उषाबाईंनी विचारलं, इथेच का? राघोभाऊ म्हणाले, "देवीनी वस्तू देवीजोडे." म्हणजे देवीची देवीपाशी. फळीवर समई. डाव्या हाताला रॉकेलचा स्टोव्ह, चार हातांवर. वरून विजेची एक वायर जायची, तिला मधोमध चिकटपट्टी लावलेली होती आणि पावसाळ्यात ती चिकटपट्टी चर्रर्र करायची.

नेमकं त्या श्रावणात गावी राघोभाऊंचे चुलते वारले. भाऊबंदांना सुतक लागलं, कानबाई बसली नाही. दारू तशीच राहिली. मित्रांनो, एक वर्ष म्हणजे किती काड्या होतात याचा तुम्ही कधी हिशेब केला नसेल. मी केला आहे. पीठ सांभाळताना मला झोप लागायची. आता स्टोव्हला पिन मारल्याचा आवाज आला की माझा पत्रा आतून गार पडे. समईची काजळी झडायची, कधी तिच्यात एखादा लाल ठिपका असायचा आणि तो माझ्या झाकणावर पडून हळूहळू काळा व्हायचा. तो काळा होईपर्यंतचा वेळ फार मोठा असतो.

सत्त्याण्णवच्या ज्येष्ठात माहेरी जयश्रीला मुलगा झाला. बाळंतीण सव्वा महिन्याने, रविवारी, घरी येणार असं ठरलं. नातू सुखरूप असावा म्हणून राघोभाऊंनी समई रात्रंदिवस तेवती ठेवली. झोळीसाठी छताला कडी ठोकली. ती बरोबर माझ्या डोक्यावर आली, कारण तिथेच काय ती वारा लागणारी जागा होती.

उषाबाईंनी कडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"कुंदनभाऊले द्या हाऊ डबा," त्या म्हणाल्या. "पोरगं येई ऱ्हायनं घरमा."

"मान आपला से. लोके काय म्हनतीन?"

"लोके ऱ्हातीन तवय म्हनतीन ना."

राघोभाऊंनी समईत तेल घातलं. घाबरलेला माणूस मान राखतो, कारण तेवढंच त्याला जमतं.

उषाबाई ज्यांच्या पोळ्या करत ते जयंतराव सरकारी कचेरीत कारकून होते. त्यांची पत्नी रश्मीताई. उषाबाईंनी पोळी तव्यावर ठेवून रश्मीताईंना सगळं सांगितलं. पोळी करपली. अशी पोळी उषाबाईंच्या हातून कधी करपली नव्हती, म्हणून रश्मीताईंनी ते खरं मानलं, आणि रविवारी सकाळी जयंतराव स्कूटरवरून नवागामला आले.

"राघोभाऊ, किती आहे?"

"साहेब, पाच किलोची छूट आहे ना?"

"आकडा तुम्ही ऐकलात. त्याच्या मागे अटी आहेत, त्या ऐकल्या का? स्वतःच्या वापरापुरती, ते वेगळं. तुमची मंडळाची मिरवणूक, तिला परवाना लागतो. आणि असली वस्तू राहत्या खोलीत ठेवत नाहीत. विस्तवापासून लांब, कुलपात. आणि असल्या घट्ट पत्र्यात तर मुळीच नाही. उघड्यावर पेटली तर भडकते. कोंडली की फुटते."

मित्रांनो, माझी पाच वर्षांची कमाई त्या एका वाक्यात गेली.

राघोभाऊंनी थोडा विचार केला. "म्हणजे पाव किलो जास्ती झाली," ते म्हणाले. "काढून टाकतो."

आणि त्यांनी लूमचा लोखंडी पाना उचलला. माझं झाकण वर्षभरात गंजून बसलं होतं. त्यांनी पाना कडेत घातला आणि वरून ठोकण्यासाठी वरवंटा घेतला. लोखंड लोखंडावर एकदा घासलं. वर समई होती.

जयंतराव ओरडले नाहीत. अगदी हळू म्हणाले, "राघोभाऊ. हात तसाच ठेवा."

राघोभाऊंचा हात तसाच राहिला. वरवंटा हवेत. गल्लीत कुणीतरी बादली भरत होतं, तिचा आवाज येत होता.

तेव्हा उषाबाई पुढे आल्या. समईची ज्योत त्यांनी दोन बोटांच्या चिमटीत धरली आणि दाबली. नवसाची ज्योत, नातवासाठी लावलेली. आमच्याकडे दिवा विझवला असं म्हणतसुद्धा नाहीत. बोटं भाजली असणार.

"हाई काय करं तू?" राघोभाऊ म्हणाले.

"देवीले मी सांगसू," त्या म्हणाल्या. "तुम्ही बाहेर निंघा."

मग जयंतरावांनी पाना हलकेच काढून घेतला, मला हात न लावता सगळ्यांना बाहेर काढलं, शेजारच्या चुली विझवायला लावल्या आणि चौकीत कळवायला गेले. तेवढ्यात बाळंतिणीची रिक्षा आली. मंगलाबाईंनी जयश्रीला गल्लीच्या तोंडाशीच अडवलं आणि मागच्या आळीत आपल्या बहिणीकडे नेलं. बाळ झोपलेलं होतं आणि ते झोपलेलंच राहिलं. त्या दिवशी गल्लीत धीर धरलेलं ते एकटंच.

दुपारी माणसं आली. त्यांनी मला लाकडी पेटीत, वाळूवर, नव्या नवरीसारखं बसवलं. जमादार गुजराती होता. त्याने माझ्या अंगावरचं शेंगांचं चित्र पाहिलं आणि विचारलं, "काका, आ शुं छे? तेल?"

"देवीचं आहे, साहेब," राघोभाऊ म्हणाले, आणि मग खाली बसून रडू लागले. त्यांना समज देऊन सोडलं. संध्याकाळी उषाबाईंनी समई पुन्हा लावली. झोळी त्याच कडीला टांगली.

आता मी चौकीच्या मुद्देमालाच्या खोलीत असतो. रिकामा. गळ्यात चिठ्ठी आहे. मुलांनो, तुमच्या घरी कुणी अशी वस्तू आणून ठेवली असेल, देवासाठी, लग्नासाठी, मानासाठी, तर तिला हात लावू नका. ती उघडू नका, हलवू नका, पण गप्पही बसू नका. ज्याला कळतं अशा मोठ्या माणसाला सांगा, पोळी करपली तरी चालेल. कायद्यातला आकडा माणसांना पाठ असतो आणि अटी नसतात. आणि घट्ट झाकणाची स्तुती करण्याआधी आत काय आहे ते विचारा.

पंचनाम्यात उखळीही लिहायची म्हणून जमादार कुंदनभाऊंकडे गेला. उखळी तिथे नव्हती. मंडळाने ती पंच्याण्णव सालीच, म्हणजे दारू आणायच्या वर्षभर आधी, कतारगामच्या भंगारवाल्याला देऊन रोटाच्या पंगतीसाठी दोन डझन स्टीलचे पेले घेतले होते.