हिरडाईच्या गडावरून उतरताना

सुलूबाईंनी गडावरच्या हिरडाईदेवीला शब्द दिला होता, आणि शब्द देण्याआधी नवऱ्याला विचारावं असं त्यांना जन्मात कधी वाटलं नव्हतं. गेल्या वर्षी धर्माजींना अर्धांगवायूचा झटका आला, डावं अंग लुळं पडलं, तेव्हा बोईसरच्या दवाखान्याच्या पायरीवर बसून त्यांनी परस्पर नवस बोलून टाकला. माणूस उठून चालू दे, तो स्वतःच्या पायांनी गड चढून तुझ्या पाया पडेल. धर्माजी उठले. काठी टेकत, डावा पाय फरफटवत का होईना, चिंचणीच्या वाडीत चिकूच्या झाडांखालून फिरायला लागले. देवीने तिचं काम केलं होतं, आता आपलं राहिलं होतं.

नवस फेडायची या घरची एक रीत होती. दर्शन घेऊन गड उतरायला लागलं की कोणीही मागे वळून बघायचं नाही. देवी पायथ्यापर्यंत पोचवायला येते म्हणे, आणि कोणी वळलं की तिथूनच परत फिरते. ज्याच्यासाठी नवस असेल त्याने सगळ्यांच्या शेवटी उतरायचं, तेही तोंडातून चकार शब्द न काढता, म्हणजे देवीचा हात त्याच्याच पाठीवर राहतो. ही रीत कोणीतरी धडधाकट माणसाने पाडली असणार. नुकत्याच दुखण्यातून उठलेल्या माणसाला, जिथे कोणाची नजर जाणार नाही नेमक्या त्याच जागी ठेवायचं, हे घरात कोणाला खटकलं नाही. म्हणजे एकीला खटकलं, पण ती सून होती.

मेघाली पाम गावची. तारापूरच्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत कामाला होती, आणि सासऱ्यांवर तिचा जीव होता. झटका आल्यानंतर त्यांचा हात रोज चोळून द्यायचं काम तिनेच केलं होतं.

"आई, बाबांना मधे ठेवू या का?" तिने आदल्या संध्याकाळी ओटीचं सामान बांधताना विचारून पाहिलं.

"अगो, माझ्या सासूनं असाच फेडलेला नवस. काय नाय होत," सुलूबाई म्हणाल्या. "तू त्यांच्याच पुढं चाल. पाय वाजतात ना त्यांचे, ऐकत जा."

झालं, विषय मिटला. सकाळी मेघालीच्या नवऱ्याने, हर्षितने गाडी काढली. बोईसरच्या नाक्यावर टँकरांच्या रांगेत ती अडकली, तेव्हा खिडकीतून येणाऱ्या रसायनांच्या वासाने सुलूबाईंनी पदर नाकाला लावला आणि देवीच्या ओटीचं ताट दुसऱ्या हाताने झाकलं. "अरे भाई, साइड दो!" म्हणून हर्षितने घसा कोरडा केला. चिल्हार फाट्याला हायवे लागला तेव्हा कुठे सगळ्यांना हायसं वाटलं. धर्माजी पुढच्या सीटवर पोरासारखे खूश होते. किती महिन्यांनी माणूस घराबाहेर पडला होता. काठीला सुलूबाईंनी नवसाचा लाल नाडा बांधला होता, तो ते सारखा बोटाला गुंडाळत होते.

गड काही फार उंच नाही, पण वाट वाईट. पायथ्याच्या पाड्यापासून सागाचं जंगल, त्यात नागमोडी पायवाट, आणि शेवटी दरवाजाखाली कातळात खोदलेल्या पायऱ्या. एका हाताला भिंतीसारखा कडा, दुसऱ्या हाताला काहीच नाही. माघ सरत आलेला, त्यामुळे सागाची ताटाएवढी पानं वाळून वाटेवर खच पडला होता. आडवार असल्याने गडावर चिटपाखरू नव्हतं. धर्माजी बसत उठत चढले, पण चढले. दरवाजातल्या मारुतीला त्यांनी एका हाताने नमस्कार केला. माथ्यावरच्या टाक्याचं पाणी तोंडावर मारून ते गुहेतल्या हिरडाईपुढे बसले, तेव्हा सुलूबाईंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. ओटी भरली, वाडीतले चिकू ठेवले, नारळ वाढवला. सगळं कसं यथासांग झालं.

"आता तोंड बंद," सुलूबाईंनी नवऱ्याला बजावलं. धर्माजींनी मिश्कीलपणे ओठांवर बोट ठेवलं.

उतरायला सुरुवात झाली. पुढे हर्षित, मग सुलूबाई, मग मेघाली, शेवटी धर्माजी. मेघालीचं सगळं लक्ष पाठीला होतं. काठी टप्प वाजायची, मग डावा पाय खर्रकन घासायचा. टप्प, खर्र. टप्प, खर्र. हा आवाज तिच्या इतका ओळखीचा होता की घरात तो ऐकल्याशिवाय तिला सकाळी चहा ठेवायचं सुचत नसे. आवाज येतोय तोवर चिंता नाही, असं तिने मनाला सांगितलं. आपल्या मागे आपलं माणूस आहे आणि आपण बघायचं नाही, हे डोक्याला पटवणं सोपं आहे, मानेला पटत नाही. मान आपोआप वळायला लागायची आणि ती ओढणीचं टोक दातात धरून समोर सुलूबाईंच्या अंबाड्याकडे बघायची.

कातळातल्या पायऱ्या संपत आल्या, तिथे वाट कड्याला वळसा घालून झाडीत शिरत होती. मेघाली वळसा घालून पुढे गेली आणि मागे बारीक खडी सरकल्यासारखा आवाज झाला. मग सगळं शांत. ती उभी राहिली, पण वळली नाही.

"बाबा?"

बाबा बोलणार नव्हते. त्यांनी बोलायचं नव्हतंच.

"बाबा, ठीक असाल तर काठी आपटा."

क्षणभर काहीच नाही. मग मागे टप्प झालं.

"हां, ठीक," ती म्हणाली. तिला एवढं बरं वाटलं की हसूच आलं. "सावकाश या. घाई नाही."

ती चालायला लागली. मागून आवाज येत राहिला. खर्र. टप्प. खर्र, खर्र. टप्प. वारा सुटला होता, वरची झाडं सळसळत होती, त्यातून तो आवाज कधी जवळ वाटे, कधी लांब. थकलेत, म्हणून पाय जास्त घासतोय, ती मनाशी म्हणाली. झाडांची मुळं आडवी आली की ती पाठीमागे सांगायची, "बाबा, इथे मूळ आहे, जपून." आणि मागून टप्प वाजायचं. "बाबा, आता उतार आहे हं." टप्प. पुढे सुलूबाई तोंडातल्या तोंडात देवीचं नाव घेत होत्या. हर्षितने एकदा पुढूनच विचारलं, "येतायत ना बाबा?" आणि तीच म्हणाली, "येतायत, येतायत."

वाट एक वळण घेऊन पुन्हा कड्याच्या पोटाखाली आली. तिथे कारवीच्या झुडपात काहीतरी लाल हललं. मेघालीने पाहिलं. काठी होती. लाल नाडा बांधलेली, मूठ खाली आणि टोक वर, वरून पडून झुडपात अडकलेली. सुलूबाई आणि त्यांच्या पुढे हर्षित पायांकडे बघत चालत असल्याने त्यांना दिसली नव्हती.

काठी इथे, तिच्या पुढ्यात होती. आणि तिच्या मागे टप्प वाजलं.

आजवर मेघाली भुताखेतांना हसत आलेली, पण त्या घटकेला तिची पाचावर धारण बसली. मागे जे काही होतं ते खर्र करून जवळ आलं. ते बाबा नव्हते, हे तिला कळत होतं, आणि मग कोण आहे हे बघायचा तिला धीर होत नव्हता. नवसाचं, देवीचं, सासूचं काही तिच्या मनात उरलं नव्हतं. होती ती नुसती भीती, मानेवर गार हात ठेवावा तशी.

मग तिला बाबांचा हात आठवला, डावा, चोळून चोळून जरासा ऊबदार झालेला. ती वळली.

वाटेवर कोणी नव्हतं. सागाची वाळकी पानं वाऱ्याने उतारावरून घासत तिच्याकडे येत होती. वरून एक पान सुटलं आणि दगडावर पडलं. टप्प.

"बाबा नाहीत!" ती किंचाळली. "आई, बाबा मागे नाहीत!"

सुलूबाई जागच्या जागी थिजल्या, पण त्यांनी तोंड फिरवलं नाही. "वळलीस तू?" त्या तशाच पाठमोऱ्या म्हणाल्या. "मेघाली, वळलीस? काय केलंस गो बाय!" आणि पुढे हर्षितची चाहूल लागताच ओरडल्या, "तू नको वळू! हर्षित, तू तरी नको!"

मेघालीने पुढचं ऐकलंच नाही. ती चढत सुटली. मुळं, उतार, जे जे तिने पानांना सांभाळून ओलांडायला सांगितलं होतं ते सगळं ती चपला टाकून अनवाणी उलटं चढत गेली. बाबा, बाबा म्हणून हाका मारत होती, पण हाकेला ओ नव्हती. सगळ्यात वाईट तेच होतं. खाली दरीत बघायची तिला हिंमत नव्हती आणि बघितल्यावाचून गत्यंतर नव्हतं.

धर्माजी पायऱ्यांच्या वळशालाच होते. पायरीच्या कडेवरून घसरून खालच्या हातभर रुंद कपारीवर पोटावर अडकले होते. उजव्या हाताने त्यांनी एका उंबराचं मूळ धरलं होतं. डावा हात नुसताच कातळावर पडला होता. पाय अधांतरी. चेहरा घामाने निथळत होता, डोळे उघडे होते, आणि ओठ घट्ट मिटलेले होते.

"बाबा! धरा, सोडू नका!" ती पोटावर आडवी पडली, त्यांचं डावं मनगट धरलं, ओढणीचा वेढा मनगटाला घालून दुसरं टोक स्वतःच्या दंडाला बांधलं. ओढायला गेली, तर तीच खडीवरून पुढे सरकली. तिच्याच्याने ते होणार नव्हतं. "हर्षित!" ती जिवाच्या आकांताने ओरडली. "हर्षित, ये रे!"

आधी आल्या त्या सुलूबाई. साठी ओलांडलेली बाई कासोटा खोचून, धापा टाकत, लेकाच्या पुढे धावत आली होती. त्यांनी काही विचारलं नाही. त्या मेघालीच्या पायांवर धप्पकन बसल्या, तिला घसरू दिलं नाही. हर्षितने वाकून बापाच्या काखेत हात घातला. तिघांनी मिळून ओढलं. धर्माजी इंच इंच वर आले, आणि शेवटी पायरीवर पालथे पडून राहिले.

मग सुलूबाई भडकल्या. "ओरडला का नाय? तोंड शिवलेलं काय? एक हाक मारली असती तर काय बिघडत होतं?"

धर्माजींनी बायकोकडे बघितलं, आणि बोटाने खाली, पायथ्याकडे दाखवलं. अजून पोचलो नाही, असं.

"बोला म्हणते ना!" सुलूबाई रडत ओरडल्या. "खड्ड्यात गेला नवस! बोला तुमी!"

"हाक मारली असती तर तुमी वळला असता," धर्माजी म्हणाले. जीभ जड झाली होती, पण शब्द कळत होते. "एवढं वर्षभर केलंस तू. सगळं फुकट गेलं असतं."

"आणि पडला असता म्हंजे?"

"मग नवस तरी पुरा झाला असता."

सुलूबाईंनी उभ्या संसारात नवऱ्यावर हात उगारला नव्हता. त्या दिवशी त्यांनी त्यांच्या खांद्यावर, पाठीवर, मिळेल तिथे मुठी मारल्या, आणि मग त्याच पाठीवर डोकं टेकून त्या हमसून हमसून रडल्या. हर्षित पाण्याची बाटली उघडायचा प्रयत्न करत होता, पण झाकण त्याच्या बोटांचं ऐकत नव्हतं.

मेघाली सासऱ्यांचा डावा हात मांडीवर घेऊन बसली होती. ओढणीचा वळ उठला होता, तो ती चोळत होती. विचारू नये असं तिला वाटत होतं, पण विचारल्यावाचून राहवलं नाही.

"बाबा, मी तुम्हाला काठी आपटा म्हणाले. ते ऐकलंत तुम्ही?"

"ऐकलं ना. इथंच तर होतीस, या वळशापलीकडं. तुझी ओढणी दिसत होती मला." त्यांनी तिच्या डोक्यावर उजवा हात ठेवला. त्यांना तिला दोष द्यायचा नव्हता, जे झालं ते फक्त सांगायचं होतं. "काठी तर खाली गेलेली. मी म्हटलं, आता ही बघील. पण मग तूच 'हां, ठीक' म्हणालीस, आणि हसलीस, आणि गेलीस."