नावं धुतलेल्या टाक्या

गावात सप्ताह बसला की घराघरातून गॅसची टाकी जायची. देणारा तिच्यावर खडूनं नाव घालायचा; पंगती उठल्या की ज्याची त्याला परत. यंदा दुष्काळात सोसायटीनं माजलगाव रस्त्याला चारा छावणी उघडली, जनावरांपाशी राहणाऱ्यांसाठी भट्टी पेटवली, तेव्हाही टाक्या तशाच गेल्या. मुंजाजीनं आपली भरलेली टाकी सायकलीला बांधून नेली, त्या दिवशी त्याची बायको सत्यभामा दवाखान्यात बाळंतीण लेकीच्या उशाशी बसली होती.

लेक मथुरा घरी आली ती ऐन थंडीत. पोरगी दिवस भरायच्या आधीच झालेली, ओंजळीत मावेल एवढी. निघताना नर्सबाईनं बजावलं होतं, बाळ गार पडू द्यायचं नाही. गरम पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून दोन्ही अंगांना ठेवायच्या.

पाणी तापवायचं कशावर? कापूस उगवलाच नाही, तर जळणाला पऱ्हाट्या कुठल्या? जनावरं छावणीत, त्यामुळं शेणही सोसायटीचं. शेजारच्या बायडाबाईनं उरल्यासुरल्या गवऱ्या आणून दिल्या, त्या दुपारीच संपल्या. टाकी तिचीही छावणीतच होती. बायडाबाईला बाळाजवळ बसवून सत्यभामा निघाली.

ती पोचली तेव्हा भट्ट्यांवर भाताचं आणि आमटीचं पातेलं चढलं होतं. पलीकडं टाक्यांची रांग, सगळ्या लाल, सगळ्या सारख्या. थंडीनं गॅस धड येईना म्हणून आचारी धोंडीराम टाक्यांवर कढत पाणी ओतायचा. खडूची नावं त्यात केव्हाच धुऊन गेली होती.

"यातली आमची कोणती?" तिनं विचारलं.

"नावं धुतली, गावकी झाली," धोंडीराम हसला. "उचलून बघा. जड लागंल ती तुमची."

तिनं एकेक उचलून पाहिली. सगळ्या हलक्या होत्या. भरलेली एकच, भट्ट्यांना जोडलेली.

सोसायटीचे चेअरमन अर्जुनराव आले. एजन्सीची गाडी उद्या येईल, निदान परवा तरी नक्की, असं ते सांगू लागले. तिनं बाळाचं सांगितलं. त्यांनी मध्ये न बोलता सगळं ऐकून घेतलं. रागावले असते तर तिला भांडता आलं असतं.

"न्या वहिनी, भरलेली न्या," ते म्हणाले. "फक्त कोणतं पातेलं उतरवू, ते तुमीच सांगा."

पंगत बसत होती. "जाऊ द्या तिला," म्हातारी भिवराबाई म्हणाली, "येका रातीच्या उपासानं मरत न्हाई आमी." पण तिची री कुणी ओढली नाही. कुणी ताटलीवरची धूळ पुसत होतं, कुणी उगाच जनावरांकडं बघत होतं.

मुंजाजी पंगतीतून उठून बायकोजवळ आला. आता हा बोलेल, असं तिला वाटलं. तो बोललाही.

"शिजू दे," तो म्हणाला. "ह्याच माणसांत राहायचं हाय मला. दुसरी बघू."

धोंडीरामनं हलक्यांतली त्यातल्या त्यात बरी निवडून दिली. मुंजाजीनं ती सायकलीला आवळून बांधली आणि कोपऱ्यापर्यंत सोबत आला. जनावरं सोडून त्याला पुढं येता येत नव्हतं. उरलेला रस्ता सत्यभामानं वाऱ्यात सायकल ढकलत काढला.

घरी तिनं पाण्याचं भगुनं चढवलं. जाळ निळा लागला, मग बसका झाला. पाण्यात बोट सहज राहील एवढं ते कोमटलं आणि शेगडी फडफडून विझली. तिनं टाकी आडवी केली, हलवली, पुन्हा काडी ओढली. काही नाही. तेच पाणी तिनं बाटल्यांत भरलं.

मथुरानं पोरीला उराशी धरलं होतं, पण तिलाच हुडहुडी भरली होती. "मघाशी रडत होती, आता गप हाय," ती म्हणाली. तिला तेवढंच बरं वाटत होतं.

सत्यभामानं दुपट्यात हात घालून पोरीचे तळवे चाचपले. गार होते. तिनं ते मुठीत घेतले. पण रस्ताभर सायकलीचं लोखंड धरून तिच्या हातांतही ऊब उरली नव्हती.