बारावी जागा

समन्वयक सरांनी अकरावं नाव वाचलं, चष्मा काढून रुमालाने पुसला, आणि मागच्या बाकावरच्या लेकीने बॅगेचा पट्टा मुठीत आवळला. रुग्णालय प्रशासन या विशेष विषयाच्या जागा बाराच होत्या. शेजारी तिची आई पेनाचं टोपण काढत-लावत शांत बसली होती.

"आणि बाराव्या," सर हसून म्हणाले, "आपल्या काकू."

वर्गाने बाकं बडवली. कुणीतरी शिट्टी मारली. आईने अर्धवट उठून सगळ्यांना मान लववली. लेकीनेही टाळ्या वाजवल्या. न वाजवून सांगते कुणाला?

"प्रतीक्षेत पहिलं नाव..." सरांनी आधी आईकडे, मग लेकीकडे पाहिलं. आवाज एकदम खाली आला. आईच्या हातातलं टोपण निसटून बाकाखाली गेलं. ते उचलायला दोघी एकदमच वाकल्या आणि डोक्याला डोकं आपटलं.

खरं तर ही पदवी लेकीची होती. म्हणजे कल्पना तिची. ती एका मोठ्या रुग्णालयात रुग्ण भरती करून घेण्याच्या खिडकीवर बसायची. तिथल्या व्यवस्थापकांनी सांगितलं होतं, प्रशासनाची पदव्युत्तर पदवी घे, त्यातही रुग्णालयाचा विषय घे, सहायक प्रशासकाची जागा रिकामी होते आहे. शनिवार-रविवारचे वर्ग होते. अर्ज आणायला आई सहज सोबत आली होती. विमा कंपनीच्या कचेरीतून मुदतीआधी निवृत्ती घेऊन तिला जेमतेम वर्ष झालं होतं. खिडकीतल्या माणसाने एक अर्ज पुढे सरकवला तशी आई म्हणाली, "दोन द्या."

लेक तेव्हा हसली होती. आईला हौस आली आहे, सहा महिन्यांत उतरेल, अशी तिची समजूत.

हौस उतरली नाही. पहिल्या सत्रात हिशेबाच्या विषयात आई वर्गात दुसरी आली. दुसऱ्या सत्रात तिच्या टिपणांच्या प्रती वर्गभर फिरू लागल्या. पंचविशीतली मुलं तिच्यासाठी खुर्ची ओढायची, जिना चढताना तिची पिशवी घ्यायची आणि मधल्या सुट्टीत तिच्याभोवती कोंडाळं करून बसायची. लेक त्या कोंडाळ्याच्या कडेला उभी असायची. येणारा-जाणारा तिला थांबवून सांगायचा, "तुझी आई म्हणजे कमाल आहे हं!"

"हो ना," ती म्हणायची. 'हो ना' म्हणून म्हणून तिचे गाल दुखायला लागले होते.

कानामागून आली आणि तिखट झाली, अशी म्हण आहे. ती नव्या कारकुनाला लावता येते, धाकट्या जावेला लावता येते. आईला कशी लावायची? ती तर आधीच आलेली. म्हणून लेकीने ती कुणापुढे बोलून दाखवली नाही. मनात मात्र घोळवत राहिली. संध्याकाळी खिडकीवरच्या रांगेशी घसा कोरडा करून ती घरी यायची, तेव्हा आई जेवणाच्या टेबलावर पाय दुमडून बसलेली असायची. मोठ्याने वाचत, मध्येच एखाद्या वाक्यावर खूश होत. "हे ऐक गं," ती म्हणायची. लेक चपला काढता काढता ऐकायची आणि आईची ती खुशी तिला टोचायची. आपण दमलो आहोत म्हणून हे होतंय, असं ती स्वतःला सांगायची.

आता तसं सांगायची सोय राहिली नव्हती.

वर्ग सुटल्यावर समन्वयक सरांनी लेकीला दाराशी गाठलं. "शनिवारपर्यंत बारापैकी कुणी जागा सोडली तर ती तुमची," ते म्हणाले. मग जरा घुटमळून, "घरचाच मामला आहे म्हणा. बोलून घ्या."

बोलायची गरजच नव्हती. ज्या बाईने उभ्या जन्मात शेवटचा तुकडा स्वतःच्या ताटात घेतला नाही, बसमध्ये खिडकीची जागा कधी धरली नाही, ती काय करणार हे सांगायला ज्योतिषी कशाला हवा? मावशीचा फोन आला तेव्हा तीही हेच म्हणाली. "आईचं काळीज आहे ते. आज ना उद्या म्हणेलच, घे बाई तुला."

लेक वाट पाहत राहिली. सोमवारी आई काही बोलली नाही. मंगळवारी तिने नव्या सत्राचं जाडजूड पुस्तक आणलं आणि त्याला खाकी कागदाचं कव्हर घातलं. बुधवारी वडील भांडी पुसता पुसता उगाचच म्हणाले, "या वयात डोळ्यांना फार ताण नको हो."

"डोळे माझे आहेत," आई म्हणाली. "आणि अहो, ती बशी तिसऱ्यांदा पुसताय तुम्ही."

वडिलांनी बशी ठेवून दिली आणि पेपर घेऊन बाहेरच्या खोलीत गेले.

शुक्रवारी लेकीला धीर धरवेना. आई ओट्याशी शेंगा सोलत होती. लेक समोर जाऊन उभी राहिली आणि तीही शेंगा सोलू लागली. दाणे भांड्यात टपटप पडत होते.

"आई."

"बोल. चार दिवस झाले, दूध उतू जाईल म्हणून बघावं तशी तू माझ्या तोंडाकडे बघते आहेस."

"ती जागा सोडशील?"

"नाही," आई म्हणाली.

अगदी साधं म्हणाली. मीठ नको म्हणावं तसं. लेकीला आधी वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. बाहेरच्या खोलीतली पेपराची सळसळ थांबली.

"मला ती कामासाठी हवी आहे," लेक म्हणाली. "माझी बढती अडली आहे तिच्यावर. तुला नुसती हवी आहे."

"नुसतं हवं असणं कमी असतं का गं?"

"तू काय करणार आहेस शिकून? या वयात तुला कोण नोकरी देणार?"

शब्द तोंडातून गेले आणि तिला ते परत हवे झाले. आईचा हात थांबला. तिने हातातली शेंग नीट उघडली, आतले दाणे मोजल्यासारखे पाहिले आणि भांड्यात सोडले.

"ते माझं मी बघेन," ती म्हणाली. "नसेल देत कुणी, तर नाही."

"सगळे म्हणत होते तू सोडशील."

"मलाही तसंच वाटलं होतं. सोमवारी सकाळी मी सरांना फोन लावायला घेतला होता. लावला नाही." तिने सालं एका बाजूला लोटली. "तुझ्या भल्यासाठी नाही म्हणते, तुझं तुला मिळव, असं काहीतरी म्हणता आलं असतं. ऐकायलाही बरं वाटलं असतं. पण खोटं कशाला बोलू? मला सोडवत नाही."

लेकीला ओरडायचं होतं. पण आईचा आवाज चढला असता तर हिचा चढला असता. एका हाताने टाळी कशी वाजवायची? तिने हातातली शेंग तशीच ओट्यावर ठेवली आणि चपला घालून खाली उतरली. कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानापर्यंत गेली, तिथून वळली, पुन्हा गेली. दुकानदाराने ओळखीने मान हलवली तरी तिला दिसलं नाही. राग होताच. पण रागाखाली आणखी काहीतरी खुपत होतं, आणि तिसऱ्या फेरीत ते तिला सापडलं. खिडकीवर दिवसभर कुणीही यावं आणि तिच्यावर काम ढकलून जावं. सुट्टीचा दिवस बदलून दे, माझी रांग सांभाळ, एवढं करच. दरवेळी तिचं "बरं." आणि ही बाई, अशी शेंगा सोलता सोलता, 'नाही' म्हणून मोकळी. गुणांचा हेवा वाटला होता, टाळ्यांचा वाटला होता. आता या एका शब्दाचाही वाटावा, म्हणजे हद्द झाली.

ती वर आली तेव्हा भांडं दाण्यांनी भरलं होतं. तिने ठेवलेली शेंग तेवढी तशीच होती.

शनिवार गेला. कुणी जागा सोडली नाही. लेकीने मनुष्यबळाचा विषय घेतला, कारण तिथे जागा हव्या तेवढ्या होत्या. रुग्णालयातल्या व्यवस्थापकांना तिने सांगितलं तेव्हा ते खुर्चीत मागे रेलून म्हणाले, "हं. तेही चालेल कदाचित. बघू." त्या 'बघू'चा अर्थ लावण्यात तिचा आठवडा गेला. घरात दोघी बोलत होत्या, पण कामापुरतं. पाणी आलं का, दिवा घालव, किल्ली घेतलीस का. वडील दोघींच्या मध्ये वाटाघाटीला आलेल्या परक्या देशाच्या माणसासारखे वावरत होते.

नव्या सत्राच्या पहिल्या शनिवारी दोघी एकाच बसने गेल्या. पायऱ्यांपाशी आई डावीकडे वळली. लेक वरच्या मजल्यावर गेली.

वरच्या वर्गाला ताज्या रंगाचा वास होता. शिकवणाऱ्या बाई ठेंगण्या आणि आवाजाने खणखणीत होत्या. त्यांनी एकेकाला उभं करून विचारलं, हा विषय का घेतला? कुणी म्हणालं माणसांची आवड आहे, कुणी म्हणालं काळाची गरज आहे.

"दुसरीकडे जागा मिळाली नाही," लेक म्हणाली.

वर्ग हसला. बाईही हसल्या. "एक तरी खरं बोललं! कुणी पळवली जागा?"

"आईने."

आता तर हशाच पिकला. सगळ्यांना तो विनोद वाटला. लेकीने खुलासा केला नाही. खाली बसताना तिच्या लक्षात आलं, की सगळे वळून तिच्याकडेच बघत होते. तिच्या शेजारच्या बाकाकडे कुणीही बघत नव्हतं. तासाभरात तिने तीनदा हात वर केला. दोनदा तिचं उत्तर चुकलं. तिसऱ्यांदा बाई म्हणाल्या, "हं, आता बोललात मुद्द्याचं," आणि फळ्यावर तिचंच वाक्य लिहिलं. शेजारचा मुलगा कुजबुजला, "तुमची टिपणं मिळतील का?" तिने वही किंचित पुढे सरकवली.

मधल्या सुट्टीत ती जिना जवळजवळ पळतच उतरली. चहाच्या यंत्रापाशी आई उभी होती. एकटीच, भोवती कोंडाळं नाही, हातात कागदी पेला. लेकीने नाणं टाकलं, बटण दाबलं, आपला पेला भरून घेतला आणि तिच्या शेजारी भिंतीला टेकून उभी राहिली. बऱ्याच दिवसांनी एवढ्या जवळ.

"कसा झाला तास?" आईने विचारलं.

"बरा झाला." मग लेकीला राहवलं नाही. जरा बोचावं म्हणूनच ती म्हणाली, "तुझ्याशिवाय बरा झाला."

आईने चहाचा घोट घेतला. वाफेने तिचा चष्मा धूसर झाला होता, त्यामुळे डोळे दिसत नव्हते.

"माझाही," ती म्हणाली. "दोन वेळा चुकले. पण शेजारून कुणी बघत नव्हतं."

घंटा झाली. आईने पेला चुरगळून टोपलीत टाकला, पिशवी खांद्यावर घेतली आणि मागे वळून न बघता झपाझप निघून गेली. लेक भिंतीला टेकून तशीच उभी राहिली. तिचा पहिला घोट अजून घ्यायचा होता.