व्याहीबुवांचा चाकू

व्याहीबुवांनी पिशवीतून ती वस्तू काढून टेबलावर ठेवली तेव्हा बाइंडरला वाटलं, यांनी घरच्या दाराची कडीच उपटून आणली. नीट पाहिलं तर तो घडीचा चाकू होता. मिटलेला असतानाच मनगटापासून कोपरापर्यंत भरेल एवढा. मूठ शिंगाची असल्याचं सोंग करणाऱ्या काळ्या प्लास्टिकची आणि तिच्यावर झेप घेणारा वाघ. वाघ कसला, शेपटीवर पाय पडलेलं मांजर.

"तुमचं सगळं कापाकापीचं काम," व्याहीबुवा म्हणाले. "म्हटलं, हत्यारही तसंच हवं."

बाइंडर तीस वर्षं पुस्तकं बांधत होता. जुन्या करवतीचं पातं घासून केलेली बोटभर रापी, एवढंच त्याचं हत्यार. तिने तो कातडं कागदाइतकं पातळ तासायचा. हत्यार जेवढं मोठं तेवढा कारागीर लहान, असं त्याचं मत होतं आणि गिऱ्हाइकांना तो ते न विचारता ऐकवायचा. पण समोर लेकीचा सासरा उभा. त्याने तोंड भरून "वा" म्हटलं आणि मनात म्हटलं, बडा घर पोकळ वासा.

हे मत चाकूइतकंच व्याहीबुवांबद्दलही होतं. सरकारी कचेरीत दस्तांवर शिक्के मारण्यात त्यांचा जन्म गेला होता, पण जगातल्या कुठल्याही कामाबद्दल ते सल्ला देऊ शकत. मागच्या खेपेला त्यांनी बाइंडरला चिकटवायचा सरस कसा शिजवावा ते समजावलं होतं. आता लेक आणि जावई नोकरीसाठी परगावी गेले होते, विहीणबाईंना वारून वर्ष होत आलं होतं, आणि सल्ल्यांना घरात गिऱ्हाईक उरलं नव्हतं.

चहा पिऊन जातील म्हणून बाइंडर वाट पाहत होता. व्याहीबुवा स्टूल ओढून बसले आणि चाकू वापरून बघा म्हणाले.

हे म्हणजे हात दाखवून अवलक्षण. तरी बाइंडरने नख घालून पातं ओढलं. ते हलेना. दुसऱ्यांदा जोर केला तेव्हा असा खटका वाजला की आत पुस्तकाचे फर्मे शिवत बसलेली त्याची बायको सुई हातात घेऊन दारात आली. पातं पाहून तिने शांतपणे विचारलं, "कुणाला मारायचंय?" आणि चहा टाकायला गेली.

पात्यावर नक्षी होती, खाच होती, बनवणाऱ्याचं लांबलचक नाव होतं. धार तेवढी द्यायची राहून गेली होती. कातड्याच्या तुकड्यावर टेकवली तर कातडं कापलं जाण्याऐवजी गोळा होऊन पुढे सरकू लागलं. कागद धरला तर उंदराने कुरतडावा तसा फाटला. बाइंडरला आतून गुदगुल्या होत होत्या.

"नवा आहे. हाताला बसेल," व्याहीबुवा म्हणाले.

"बसेल की. आधी हात तेवढा मोठा व्हायला हवा," बाइंडर बोलून गेला.

बाइंडरने चाकू मिटायला घेतला. तो मिटेना. इकडून दाबला, तिकडून दाबला, मूठ टेबलावर आपटली. शेवटी हत्याराच्या मालकालाच विचारलं, कसा मिटतो हा?

व्याहीबुवांनी स्टूल जरा मागे सरकवलं. मग म्हणाले, "मला नाही ठाऊक. मी तो कधी उघडलाच नाही."

बाइंडरच्या ओठांवर हसू आलंच होतं. पण पुढे व्याहीबुवा जे सांगत गेले त्याने ते तिथेच अडकलं. बायको गेल्यावर त्यांना घरात आवाज ऐकू येऊ लागले. कधी भांडं, कधी दार. बाजारात एकाने हा चाकू दाखवला आणि सगळ्यांत मोठा म्हणून त्यांनी घेतला. उशाखाली ठेवला, तर आपोआप उघडेल या धास्तीने मान हलवता येईना. कपाटात ठेवला, तर चोराच्या हाती आपल्या आधी लागेल असं वाटू लागलं. चोराची भीती होती ती होतीच, वर चाकूची आणखी.

"कचऱ्यात टाकला असता," ते म्हणाले, "पण कचरा उचलणारी बाई हातानेच वेचते. मग तुमची आठवण झाली."

म्हणजे भेट वगैरे काही नव्हती. ताकाला जाऊन भांडं लपवणं चाललं होतं. बाइंडरला राग यायला हवा होता आणि थोडा आलाही. त्याने मूठ उलटी करून पाहिली. पाठीवर एक पट्टी होती, कधीच न दाबल्यामुळे घट्ट बसलेली. तिच्यावर शिलाई मशीनचं तेल सोडून अंगठ्याने जोर दिला, तेव्हा पातं कुरकुरत आत गेलं. व्याहीबुवांनी श्वास सोडला तो त्याला ऐकू आला.

ते गेल्यावर बाइंडरने चाकू खोलला. पोलादाची पट्टी निघाली तर रापी करू, असा हिशेब होता. कानस लावली तर लोखंड गाजरासारखं किसलं जाऊ लागलं. त्याने चारच शिव्या दिल्या, पातं हातोडीने दुमडून भंगारात टाकलं आणि हात धुतले.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या वेळी व्याहीबुवा हजर. चाकूचं काय झालं, हे त्यांनी विचारलं आणि मोडला म्हटल्यावर छान झालं म्हणाले. मग तिथेच बसले. तिसऱ्या दिवशीही बसले. चौथ्या दिवशी बाइंडरच्या बायकोने, सल्ले ऐकून कान किटल्यामुळे, छापील कागदांचा गठ्ठा त्यांच्या मांडीवर ठेवला आणि घड्या घालायला सांगितलं.

घड्या वाकड्या येत. व्याहीबुवा घरी गेले की बाइंडर त्या सगळ्या उलगडून पुन्हा घालायचा. व्याही म्हणून आठवडाभर त्याने हे गुपचूप केलं. मग एका सकाळी त्याचा संयम संपला.

"अहो, कडेला कड लावा. डोळे कुठे आहेत तुमचे? पुन्हा करा."

बायकोने आतून शिवण थांबवली. व्याहीबुवांनी मात्र मान हलवली, कागद उलगडला, जीभ दातांत धरून कडेला कड लावली आणि घडी घातली.

तीही वाकडीच आली.