तांबोळीबाईंचा उघडा वर्ग

कमरजहां तांबोळी कसबा पेठेतल्या एका मराठी प्राथमिक शाळेत चौथीला शिकवायच्या. शाळेत त्यांचं नाव होतं. त्यांच्या वर्गावरून कोणी गेलं तर आत मुलं आहेत की नाहीत असा प्रश्न पडावा इतकी शांतता असायची. पाढे पाठ, कविता पाठ, अक्षर वळणदार. आपला मुलगा तांबोळीबाईंच्या तुकडीत जावा म्हणून पालक जूनमध्ये मुख्याध्यापिका वैद्यबाईंच्या दारात उभे राहायचे.

सत्त्याऐंशी सालच्या पावसाळ्यात शाळेच्या ओल्या जिन्यावरून बाईंचा पाय घसरला आणि घोट्याजवळचं हाड मोडलं. प्लॅस्टर लागलं. डॉक्टरांनी रजा घ्या म्हणून सांगितलं. पण बाई घरी बसणाऱ्यांतल्या नव्हत्या. थोड्याच दिवसांत त्या कुबडी घेऊन शाळेत हजर झाल्या.

वैद्यबाईंनी कपाळाला हात लावला. "अहो, तुमचा वर्ग वरच्या मजल्यावर. जिना चढणार कशा?"

"मग खालचा द्या."

"खाली आनंदीचा वर्ग आहे. तुमची तुकडी तिच्या तुकडीत घालते. ती शिकवेल, तुम्ही मागे बसून वह्या तपासा. बरं वाटेपर्यंत."

आनंदी काळभोर म्हणजे दोन वर्षांपूर्वी लागलेली तरुण शिक्षिका. रोज लोणी काळभोरहून बसनं यायची. बोलताना फार जपायची, कारण घाईत तिच्या तोंडून 'हाय', 'व्हतं' निसटायचं आणि शिक्षकांच्या खोलीत कोणीतरी ओठ दाबून हसायचं. त्यातल्या त्यात श्रीनिवास सर. भूगोल शिकवणारे, सेवेत सर्वांत ज्येष्ठ आणि जिभेनं सर्वांत धारदार. एकदा ते तिला म्हणाले होते, "आपण प्रमाण भाषेच्या बसला लटकलेल्या दिसता. सांभाळा, पडाल."

तर बाई आनंदीच्या वर्गात मागच्या बाकावर बसल्या. इतक्या वर्षांच्या नोकरीत त्यांनी दुसऱ्याचा तास कधी पाहिला नव्हता. कोणीच पाहत नसे. वर्गाचं दार लागलं की आतलं राज्य ज्याचं त्याचं. वरिष्ठ तपासणीला आले तरी दहा मिनिटं बसून, फळ्यावरची तारीख बघून जायचे. सुट्टीत प्रशिक्षणं व्हायची. तिथे एखादे गृहस्थ नव्या धोरणावरचा जाडजूड मजकूर वाचून दाखवायचे आणि मागच्या रांगेतल्या बाया स्वेटर विणायच्या.

पहिल्याच दिवशी बाईंना मागून जे दिसलं त्यानं त्या हबकल्या. समोरून पाहताना सगळी मुलं ऐकतायत असं वाटतं. मागून त्यांचे हात दिसतात. एक मुलगा शेजाऱ्याचं उत्तर उतरवत होता आणि तोंडानं "हो बाई" म्हणत होता. दोन मुली कुजबुजत होत्या. दंगा नव्हता तो. एक दुसरीला गणित समजावत होती आणि चुकीचं समजावत होती. आणि ही बाईंचीच तुकडी, हुशार म्हणून गाजलेली.

दुसरी गोष्ट आनंदीची. मुलानं चुकीचं उत्तर दिलं की ती पुढच्याकडे वळत नसे. "तुला असं का वाटलं?" असं विचारून ती थांबायची. मूल बोलेपर्यंत थांबायची. बाईंना ती शांतता असह्य व्हायची. दोनदा त्यांनी मागून उत्तर सांगायला तोंड उघडलं आणि कसंबसं मिटलं. तेवढ्यात मूल बोलायला लागायचं, आणि कधी कधी स्वतःची चूक स्वतःच पकडायचं.

बाईंच्या मनात आधी आला तो मत्सर. ही काल आलेली पोर! मग दोन-चार दिवसांनी त्या तिच्या तासाची वाट पाहायला लागल्या.

प्लॅस्टर निघालं त्या दिवशी त्या आनंदीला म्हणाल्या, "आता माझ्या वर्गात तू मागे बस."

"मी? तुमच्या?" आनंदी घाबरलीच. "बाई, मी काय सांगणार तुम्हाला?"

"मला माझ्या मुलांचे हात दिसत नाहीत. तुला दिसतील."

त्या एवढ्यावर थांबल्या नाहीत. शिक्षकांच्या बैठकीत उभ्या राहून त्यांनी सांगितलं, की पुढच्या शनिवारी मी अपूर्णांकांचा पाठ घेणार आहे, ज्यांना जमेल त्यांनी मागे बसून पाहावा आणि नंतर काय दिसलं ते स्पष्ट सांगावं.

श्रीनिवास सरांनी चष्मा पुसला. "तांबोळीबाई, पेठेत आम्ही दुसऱ्याच्या घरात डोकावतो. ते फुकट असतं आणि त्यात करमणूक असते. वर्गात डोकावून काय मिळणार?"

"या आणि बघा, सर."

शनिवारी बाकीच्या तुकड्या लवकर सोडून सगळे आले, सरसुद्धा. मागे भिंतीला लागून खुर्च्या मांडल्या होत्या. बाईंनी नुकती इस्त्री केलेली साडी नेसली होती.

त्यांनी फळ्यावर एक वर्तुळ काढलं, त्याचे तीन भाग केले आणि एक रंगवला. शेजारी दुसरं वर्तुळ काढलं, त्याचे चार भाग केले आणि एक रंगवला. हाताच्या ओघात दुसरं वर्तुळ चांगलंच मोठं आलं. ते त्यांच्या लक्षातही आलं नाही.

"एक छेद तीन मोठा की एक छेद चार?"

"एक छेद तीन!" वर्ग एका सुरात ओरडला. नियम आधीच पाठ होता.

तांबट आळीतली शकू नावाची मुलगी उभी राहिली. "बाई, पण तो चारवालाच मोठा दिसतोय."

"दिसतोय म्हणजे काय? नियम काय सांगितला? छेद मोठा, तर अपूर्णांक लहान. बस खाली."

शकू बसली. पाठ पुढे सरकला. शेवटी बाईंनी सहज विचारलं, "आता सांगा, तीन छेद चार मोठा की एक छेद दोन?"

"एक छेद दोन!" सबंध वर्ग. त्याच खणखणीत आवाजात.

बाई खडू हातात धरून उभ्या राहिल्या. पाऊण मोठा की अर्धा, हे बाजारात कोणत्याही पोराला कळतं. त्यांच्या वर्गातल्या एकालाही कळलं नव्हतं. घंटा झाली.

शिक्षकांच्या खोलीत चहा आला, पण कपाला कोणी हात लावेना. श्रीनिवास सरच बोलले. "शिस्त उत्तम. मुलं एका सुरात चुकली."

कोणीतरी हसलं. वैद्यबाई सावरून घ्यायला म्हणाल्या, "होतं असं. पाहुणे बघून मुलं बावरतात."

"मुलं बावरली नव्हती," आनंदी म्हणाली. सगळ्यांनी तिच्याकडे वळून पाहिलं आणि तिची भाषा निसटली. "शकू बरोबर बोलत व्हती, बाई. तुमचं दुसरं वर्तुळ मोठं व्हतं. त्यातला पाव खरंच मोठा हाय. तिनं डोळ्यांनी बघून सांगितलं. बाकीच्यांनी फळ्याकडं बघितलंच नाही, नियम म्हणून टाकला."

या वेळी तिच्या 'हाय'ला कोणी हसलं नाही. बाई उठल्या, पिशवी उचलली आणि घरी गेल्या.

संध्याकाळी त्यांचे यजमान करीमभाई दुकान बंद करून आले तेव्हा बाई स्वयंपाकघरात नुसत्याच बसल्या होत्या. सगळं ऐकून ते म्हणाले, "कशाला हा खटाटोप? इतकी वर्षं तुमची मुलं पास होतायत ना?"

"पास होतायत," बाई म्हणाल्या. "तेच तर. पास होतायत म्हणून मला कधी कळलंच नाही."

अपमान झोंबत होताच. पण रात्रीच्या भाकऱ्या थापता थापता त्यांच्या डोक्यात शकूचंच वाक्य फिरत राहिलं. ती पोर चुकली नव्हती. तिनं विचारलं होतं त्यात अख्खा पाठ होता, आणि आपण तो खाली बसवला.

सोमवारी त्यांनी पुन्हा सगळ्यांना गाठलं. "हाच पाठ, हाच वर्ग, येत्या शनिवारी. पण या वेळी तो आपण सगळ्यांनी मिळून बसवायचा. मला एकटीला जमत नाही, हे तुम्ही पाहिलंतच."

कसब्यातल्या त्या शाळेत असं वाक्य कोणी उच्चारल्याचं कोणाला आठवत नव्हतं, आणि ते तांबोळीबाईंनी उच्चारलं होतं. मधल्या सुट्टीत चार-पाच जण त्यांच्या टेबलाभोवती जमले. वर्तुळं नकोत, हे लगेच ठरलं. ती सारखी कापणं मोठ्यांनाही जमत नाही. पताकांच्या कागदाच्या पट्ट्या घ्याव्यात, असं आनंदीनं सुचवलं.

श्रीनिवास सर लांबून वर्तमानपत्र वाचत होते. ते न राहवून म्हणाले, "निदान सगळ्या पट्ट्या एका मापाच्या कापा. नाहीतर परत तीच बोंब."

बाईंनी एकदम मान वर केली. "नाही, सर. मुद्दाम लहानमोठ्या कापायच्या. तीच बोंब व्हायला हवी. मुलांमध्ये."

सरांनी वर्तमानपत्राची घडी घातली, खुर्ची ओढली आणि कात्री मागितली.

दुसऱ्या शनिवारी मागच्या भिंतीला खुर्च्या कमी पडल्या. पाचवीचे शिक्षक खिडकीत टेकून उभे राहिले. बाईंनी मुलांच्या जोड्या पाडल्या आणि प्रत्येक जोडीला एक लाल आणि एक निळी पट्टी दिली. कोणाच्या पट्ट्या सारख्या होत्या. कोणाची निळी लांब होती. त्याबद्दल त्या काहीच बोलल्या नाहीत. "घड्या घालून लाल पट्टीचे तीन सारखे भाग करा, एक घ्या. निळीचे चार करा, एक घ्या. कोणता मोठा?"

"लाल!" "निळा!" "ए, लाल रे!" "आमचा बघ की!"

त्या वर्गात इतका आवाज पहिल्यांदाच झाला. बाईंचा हात सवयीनं टेबलावर आपटायला उचलला गेला. त्यांनी तो तसाच खाली घेतला आणि विचारलं, "दोन्ही उत्तरं कशी आली?"

मग त्या थांबल्या. कोणी बोलेना. मागच्या खुर्च्या करकरल्या. एका मुलानं पट्टी उलगडली, परत घडी घातली. त्या अजून थांबल्या.

शकूनं आपली निळी पट्टी उलगडून पुढच्या बाकावरच्या निळ्या पट्टीला लावली. मग ती ताडकन उठली. "बाई! यांची अख्खी पट्टीच लहान आहे! आमची लांब आहे. म्हणून आमचा पाव मोठा. आधी अख्खी सारखी पाहिजे, नाहीतर हे भांडण मिटायचंच नाही!"

"बरोबर," बाई म्हणाल्या, आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात पुढे म्हणाल्या, "मागच्या शनिवारी शकूनं हेच सांगितलं होतं. तेव्हाही ती बरोबर होती. मी चुकले होते."

शकूला कुठे बघावं कळेना. तिचे कान लाल झाले, आणि मग ती इतकी हसली की शेजारीणही हसायला लागली.

आता सारख्या मापाच्या पट्ट्या वाटल्या. मुलांनी घड्या घातल्या, जुळवल्या, उत्तर एकच आलं. आणि बाईंनी तो प्रश्न विचारला. तीन छेद चार मोठा की एक छेद दोन? या वेळी कोणी ओरडलं नाही. वर्गभर फक्त कागदाची सळसळ. मग तिसऱ्या रांगेतला बजरंग, जो कधी हात वर करत नसे, तो पट्टी उंच धरून म्हणाला, "दोन पाव घेतले तिथंच अर्धं झालं. हा तिसरा त्याच्या पुढं गेला. तीन छेद चारच मोठा!"

"मग आपला नियम?" बाईंनी विचारलं. "छेद मोठा, तर अपूर्णांक लहान?"

"एकच तुकडा घेतला तर चालतो, बाई," शकू म्हणाली. "किती तुकडे घेतले तेही बघायला पाहिजे."

मागे वैद्यबाईंनी टाळी वाजवली आणि मग सगळ्यांनीच. मुलं दचकून मागे वळली, आणि आपल्यासाठीच वाजतायत हे कळल्यावर त्यांनीही वाजवायला सुरुवात केली. घंटा झाली तरी कोणी दप्तर उचलेना. श्रीनिवास सर बजरंगच्या बाकाशी वाकून विचारत होते, "पाच छेद आठ असता तर?" आणि बजरंग न घाबरता त्यांना पट्टी दुमडून दाखवत होता.

सर दारापाशी आले तेव्हा बाई खडूचे हात झटकत होत्या.

"तांबोळीबाई, मी आयुष्यभर नकाशे शिकवले. मुलांना ते कळले असं मी गृहीत धरलं. सोमवारी तिसऱ्या तासाला माझा वर्ग आहे. जमेल त्यांनी या." मग ते वळले. "आणि आनंदीबाई, आपण पहिल्या खुर्चीत बसा. जे दिसेल ते सांगा. तुमच्या भाषेत सांगा, त्यात लपवाछपवी नसते."

शिक्षकांपैकी कोणी आनंदीला पहिल्यांदाच 'बाई' म्हटलं होतं. ती नुसती मान हलवून बाहेर पडली आणि जिन्यापाशी जाऊन तिनं डोळे पुसले.

सोमवारी सरांचा पाठ साफ कोसळला. त्यांनी तो पुढच्या आठवड्यात पुन्हा घेतला. मग दुसरीच्या बाईंनी वाचनाचा घेतला. दिवाळीनंतर शाळेत दर शनिवारी एक वर्ग उघडा असायचा, आणि ज्याचा पाठ पडला त्याला बाकीचे चहा पाजायचे.

ही बातमी शिक्षण खात्यातल्या एका अधिकारीबाईंपर्यंत गेली. त्या तपासणीला म्हणून आल्या आणि दहा मिनिटांऐवजी अख्खा दिवस बसल्या. जाताना त्यांनी विचारलं, "पुढच्या प्रशिक्षणात व्याख्यान द्याल का?"

"व्याख्यान नाही," तांबोळीबाई म्हणाल्या. "वर्ग आणते. आणि शिकवणार आनंदी."

शहरातले आणि आसपासच्या गावांतले शिक्षक त्या सभागृहात जमले होते. मंचावर बाक मांडले होते, बाकांवर मुलं होती आणि समोर आनंदी उभी होती. ती शिकवत गेली. तिचं 'हाय' माइकवरून सभागृहभर ऐकू येत होतं आणि तिला त्याची फिकीर नव्हती. पाठ संपल्यावर काय दिसलं ते सांगा, असं बाईंनी म्हटलं मात्र, हात वर झाले. कोणी म्हणालं फळा अपुरा वापरला, कोणी म्हणालं ती कोपऱ्यातली मुलगी सुटली. दोन अनोळखी शिक्षक एका मुलाच्या उत्तरावरून आपसांत तावातावानं भांडायला लागले. चहाची वेळ झाल्याचं संयोजकांनी सांगितलं, पण कोणी जागचं उठलं नाही.

शेवटी खराडीच्या शाळेतले एक मास्तर गर्दीतून वाट काढत मंचापाशी आले. "बाई, आमच्या गावात येता का? आमची चार खोल्यांची शाळा आहे."

"येऊ की," तांबोळीबाई म्हणाल्या. "पण आम्ही मागे बसणार. वर्ग तुमचा."

मास्तर हसले. "या. घेतो मी."

बाहेर ऊन कलायला लागलं होतं. आनंदीची बस सुटायला वेळ होता. दोघी रस्त्यानं चालू लागल्या आणि खराडीला कधी जायचं, कोणाला बरोबर घ्यायचं, यावर मोठमोठ्यानं बोलत राहिल्या.