पाण्याखाली हसू नये

अंशियाला हसू आवरत नाही, हे नांपुला शहराच्या अख्ख्या बाजाराला ठाऊक होतं. ती शिवणकाम करायची आणि गिऱ्हाइकाचं माप घेता घेता हसायची. मयताला गेली तर कमरेला गुंडाळलेल्या रंगीत कापुलाना कापडाचं टोक तोंडात कोंबून खाली मान घालून बसायची. लोकांना वाटायचं, बाई हमसून हमसून रडतेय. पहिल्या नवऱ्याला हे हसणं नकोसं व्हायचं. "तोंड मीट" म्हणत म्हणत तो एक दिवस घर सोडून गेला. तेव्हाही ती हसलीच, असं शेजारणी सांगायच्या. ते काही खरं नव्हतं, पण अंशियाने कधी खोडून काढलं नाही.

सेलेमाने मास्तर मात्र भाळले ते या हसण्यावरच. पन्नाशी उलटलेले विधुर गृहस्थ, शाळेत भूगोल शिकवायचे, आणि मिशी अशी की वर्गात आधी मिशी शिरायची आणि मग मास्तर. एक पँट घेऊन ते पुन्हा पुन्हा दुकानात यायला लागले. दर वेळी म्हणायचे, जराशी आखूड करा. शेवटी अंशियाच म्हणाली, "मास्तर, आता हिची चड्डी होईल. काय ते सरळ बोला की."

मास्तर सरळ बोलले. निकाह झाला. आणि समुद्रकाठच्या पेंबाहून मुआझिझा मावशीचा निरोप आला: दोघांनी माझ्याकडे या, झैनाबोने तुमच्यासाठी आहेर ठेवलाय.

झैनाबो ही मावशीची मुलगी. पेंबातल्याच विंबेच्या किनाऱ्यावर ती लोकांना पाण्याखाली प्रवाळ दाखवायला न्यायची. तिचा आहेर म्हणजे तोच होता.

"या वयात पाण्यात उड्या?" पेंबाला पोचल्यावर अंशिया मावशीला म्हणाली.

"मग कुठल्या वयात? तरुण जोडपी येतात ती नुसती भांडतात," मावशी म्हणाली. "तुम्ही जा. येताना भूक घेऊन या."

दुसऱ्या दिवशी सकाळी किनाऱ्यावर झैनाबोने दोघांना रबरी कपडे दिले. अंशियाला त्यात शिरायला अर्धी सकाळ लागली. एक पाय घातला की दुसरा बाहेर यायचा. "हे कुठल्या शिंप्याने शिवलंय गं?" ती धापा टाकत ओरडली. "बगलेत जागाच ठेवली नाही मेल्याने!"

"ताई, आता नीट ऐक," झैनाबो म्हणाली. "श्वास कोंडायचा नाही. पाठीवरच्या टाकीच्या नळीतून घेत राहायचा, सोडत राहायचा. आणि मुख्य म्हणजे पाण्याखाली हसायचं नाही. हसलं की गालाला घड्या पडतात, मास्क सुटतो आणि आत पाणी शिरतं."

अंशिया तिथेच हसायला लागली.

"शिरलंच तर घाबरायचं नाही. मान वर, मास्कची वरची कड दाबून धरायची आणि नाकातून जोरात फुंकायचं. पाणी बाहेर जातं. आणि दाजी, तुमची ती मिशी..."

"मिशीचं काय?" मास्तरांचा हात आपोआप मिशीवर गेला.

मिशीचं काय ते गुडघाभर पाण्यात कळलं. मास्तरांनी मास्क लावून डोकं बुडवलं आणि बादलीत पडलेल्या मांजरासारखे फुरफुरत वर आले. झैनाबोने मिशीला व्हॅसलीन चोपडलं. मिशी चपटी झाली, चकाकली, पण पाणी काही थांबेना. केसांच्या फटीतून धार लागली होती.

"काढावी लागेल," झैनाबो हळूच म्हणाली.

शेजारी जाळं दुरुस्त करणाऱ्या म्हाताऱ्यानेसुद्धा हात थांबवला.

"राहू द्या हो मास्तर," अंशिया म्हणाली. "तुम्ही बोटीत बसा. मी बघून येते आणि सगळं सांगते तुम्हाला."

मास्तरांनी समुद्राकडे पाहिलं. "मी पोरांना प्रवाळ कुठे शिकवतो माहीत आहे? नकाशावर. निळ्या रंगावर गुलाबी ठिपके. वर्षानुवर्षं तेच ठिपके. तू बघणार आणि मी पुन्हा ठिपकेच दाखवणार?" मग घसा खाकरून म्हणाले, "वस्तरा कुठे मिळेल?"

किनाऱ्यावरच्या टपरीमागून ते परत आले तेव्हा अंशियाने एकदाच पाहिलं आणि वाळूत बसकण मारली. कित्येक वर्षं ऊन न पाहिलेला तो वरचा ओठ, नुकता उठून बाहेर आल्यासारखा, इकडेतिकडे बघत होता. मास्तरांचा चेहराच निराळा झाला होता. शाळकरी पोराचा, तोही खोडी काढून आलेल्या. ती इतकी हसली की झैनाबोला तिला हाताला धरून उठवावं लागलं.

"हसून घे," मास्तर करारीपणे म्हणाले. "खाली मनाई आहे."

बोट खाडीबाहेर आली. झैनाबो दोघांना एकेका हाताने धरून हळूहळू खाली घेऊन गेली. पहिला श्वास अंशियाने चोरून घेतला, परक्याच्या घरात फणसाचा गरा उचलावा तसा. मग दुसरा घेतला. मग तिला कळलं की हे जमतंय, आणि तिने डोळे उघडून नीट पाहिलं.

बाजारात कापुलानांचा नवा गठ्ठा सोडला की काउंटरवर जे होतं, तेच इथे झालं होतं, फक्त इथलं कापड जिवंत होतं. जांभळी, पिवळी, हिरवी झुडपं, त्यांच्या घड्यांतून आत-बाहेर करणारे मासे, एखादा ठिपक्यांचा, एखादा काठापदराचा. कटरकटर आवाज येत होता. एक जाडा निळा मासा प्रवाळाला तोंड लावून दाणे फोडावेत तसा चावत होता. चावून झालं, आणि त्याने मागून पांढऱ्या वाळूची पिचकारी सोडली. थोड्या वेळापूर्वी आपण कशावर बसकण मारली होती, हे अंशियाच्या लक्षात आलं. ती हसली. मास्क नाकापर्यंत भरला. मान वर, कड दाबली, फुंकर मारली. जमलं!

मास्तर तर हरखून गेले होते. त्यांनी दोन्ही अंगठे वर करून 'फक्कड' म्हणून दाखवलं. पाण्याखाली त्याचा अर्थ 'मला वर न्या' असा होतो. झैनाबो त्यांना वर न्यायला लागली. मास्तर जोरजोरात मान हलवून नको म्हणत होते, पण अंगठे काही खाली येत नव्हते. अंशियाचा मास्क पुन्हा भरला.

आणि तेवढ्यात तो मासा आला. परातीएवढा, डोळे वटारलेले, दात थेट माणसाचे. वाळूत त्याची अंडी होती आणि मास्तरांच्या पायांत चढवलेले लांबलचक रबरी पंजे नेमके त्यावरून फिरत होते. तो सरळ मास्तरांच्या अंगावर धावला. मास्तर पळाले. हात, पाय, कोपरं, सगळं एकदम हलवत पळाले, आणि मासा मागे, पंजाचे लचके तोडत. ज्या माणसापुढे अख्खी शाळा उभी राहते, त्याला एक मासा वर्गाबाहेर काढत होता.

अंशियाचा मास्क सुटला तो पुरताच. खारं पाणी डोळ्यांत गेलं, नाकात गेलं. समुद्र नाहीसा झाला. नुसता उजेड आणि बुडबुड्यांचा खळखळाट. एका क्षणात हसू थिजलं. वर कुठे, खाली कुठे, काही कळेना. आपण इथे, या बगलेत काचणाऱ्या कपड्यात मरणार, असं तिला वाटलं.

मग कुणीतरी तिचं मनगट घट्ट धरलं.

मान वर. कड दाबली. तिने सगळा जीव एकवटून फुंकर मारली. समुद्र परत आला, आणि त्यात अगदी नाकासमोर मास्तर होते. निसटून जायला उजवीकडे सगळं पाणी मोकळं होतं. ते सोडून ते मासा मागे घेऊनच वळले होते. दोन्ही हातांनी तिला धरलं होतं, डोळे विस्फारले होते, आणि मासा त्यांच्या पंजाला लोंबकळत होता. त्यांनी तो झटकलासुद्धा नाही. ते फक्त तिच्याकडे बघत होते.

अंशियाने बोटांचं गोल वर्तुळ करून 'ठीक आहे' अशी खूण केली. मग ती हसली, आणि परत तिने फुंकर मारली. झैनाबोने मध्ये शिरून माशाला हुसकावलं आणि दोघांना बाजूला खेचून नेलं.

बोटीत चढल्यावर तिघंही पोट धरून हसत होती. "मी कितीजणांना खाली नेलंय," झैनाबो डोळे पुसत म्हणाली. "रडलेले पाहिले, ओकलेले पाहिले. पण ताई, तुझ्याइतका मास्क कुणी उपसला नाही."

"तू वळलास कशाला रे?" अंशियाने मास्तरांना विचारलं. पहिल्यांदाच तिच्या तोंडून 'रे' गेलं होतं.

"तुझा आवाज येईना," ते म्हणाले.

"पाण्यात आवाज कुठून येणार?"

"हसताना तुझे बुडबुडे निराळे येतात. ते थांबले." एवढं बोलून ते फाटक्या पंजाकडे बघत बसले.

रात्री जेवणावर मावशीने नारळाचा भात आणि मातापा, म्हणजे कसाव्याच्या पाल्याचं कालवण, वाढलं. मास्तर ताटावरून उठून मासा झाले. गाल फुगवून, दात काढून त्यांनी मावशीच्या अंगणाला चक्कर मारली, मग स्वतःच मास्तर होऊन पळाले. मावशीला ठसका लागला. कुंपणावरून शेजारीण विचारायला आली आणि तिथेच बसली. तिला सगळं पुन्हा पहिल्यापासून करून दाखवावं लागलं.

"सकाळच्या बसने जाणार ना?" मावशीने भांडी गोळा करताना विचारलं. "पाव बांधून देऊ का बरोबर?"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. शाळेला अजून सुट्टी होती.

नांपुलाची बस निघाली तेव्हा अंशिया विंबेच्या वाळूत एका पायावर उडत होती, दुसरा पाय रबरी कपड्यात अडकला होता, आणि मास्तर मागून तिला धरून "खेच! खेच!" म्हणून ओरडत होते.